बालरुग्ण विभागासाठी जमवलेला निधी कशावर खर्च करावा?

लोकमान्यनगर_इंदूर

नमस्कार. आम्ही इंदूरच्या लोकमान्य नगर भागातील नऊ महिला गेली चार वर्षे दर गुरुवारी दुपारी शहरातील एका धर्मादाय रुग्णालयाच्या बालरुग्ण विभागात जात आहोत. मुलांना गोष्टी सांगणे, चित्रांसाठी रंग व कागद देणे, सोबतच्या आयांना फळे आणि बिस्किटे वाटणे एवढेच आमचे काम असते. माझ्या सासूबाईंच्या स्मरणार्थ घरच्यांनी दिलेली रक्कम आणि गणेशोत्सवात मंडळाकडे आलेल्या देणग्या मिळून आमच्याजवळ 1 लाख 80 हजार रुपये जमले आहेत. ते कशावर खर्च करावेत याविषयी आमच्यात एकमत होत नाही, म्हणून इथे विचारत आहे.

विभागाची स्थिती आधी सांगते. खाटा 24 आहेत; पावसाळ्यात जुलाब, निमोनिया आणि तापाची मुले एकदम वाढली की एका खाटेवर दोन-दोन मुले ठेवावी लागतात. दिवसा दोन सिस्टर असतात, रात्री एकच. डॉक्टर सकाळ-संध्याकाळ राउंड घेतात आणि मधल्या वेळी बोलावल्यास येतात, परंतु बाह्यरुग्ण विभागही त्यांनाच पाहावा लागतो. बहुतेक कुटुंबे धार, झाबुआ, अलीराजपूर, बडवानी या बाजूची असतात. मूल कडेवर घेऊन गंगवाल बसस्थानकावर उतरेपर्यंत त्यांचा अख्खा दिवस प्रवासातच गेलेला असतो. हिंदी त्यांना कामापुरती समजते, आणि आम्ही बोलतो ती मराठी वळणाची हिंदी तर त्याहून कमी.

आमच्यातील काही जणींना नवजात बाळांसाठी वॉर्मर, म्हणजे बाळाला ऊब देणारे यंत्र, घ्यावा असे वाटते, कारण त्यावर स्मरणार्थ नाव घालता येते. काहींच्या मते भिंती रंगवून खेळण्यांचा एक कोपरा करावा. एकीच्या भाच्याने ढाक्याच्या रुग्णालयात शाम्पूच्या बाटलीपासून बनवलेल्या श्वसनसाहाय्याच्या उपकरणाविषयी सांगितले. अत्यंत कमी खर्चात मुलांचे प्राण वाचतात, तर आपणही तेच का करू नये, असे तिचे म्हणणे आहे.

माझे स्वतःचे मन मात्र गेल्या श्रावणातील एका प्रसंगापाशी अडकले आहे. दीड वर्षाचा एक मुलगा निमोनियासाठी दाखल होता. आम्ही निघालो तेव्हा तो झोपल्यासारखा दिसत होता आणि त्याची आई त्याच्या पायांवरून सतत हात फिरवत होती. पुढच्या गुरुवारी त्या खाटेवर दुसरेच मूल होते. तो त्याच रात्री गेल्याचे सिस्टरांनी सांगितले. शेजारच्या खाटेवरील बाईकडून नंतर कळले की, मुलाचे पाय थंड पडत चालले आहेत असे त्याची आई तिच्याशी दोनदा बोलली होती. सिस्टरांना मात्र तिने सांगितले नाही. हे सांगण्याजोगे आहे याचीच तिला कल्पना नव्हती. मी त्या खाटेपासून चार हातांवर बसून दुसऱ्या मुलीला माकडाची गोष्ट सांगत होते.

जाणकारांनी कृपया सांगावे की, इतक्या रकमेत खरोखर उपयोगी पडेल असे काय घेता येईल, आणि वैद्यकीय शिक्षण नसलेल्या आमच्यासारख्यांनी त्या विभागात काय करावे व काय करू नये.

बालवैद्य_निवृत्त

ताई, मी पश्चिम मध्य प्रदेशातील जिल्हा रुग्णालयांमध्ये 26 वर्षे बालरोगतज्ज्ञ म्हणून काम केले आहे. आपण लिहिलेल्या थंड पायांपासूनच सुरुवात करतो, कारण आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर तिथे आहे.

मुलाचे रक्ताभिसरण कोसळू लागले की शरीर आधी हातापायांकडचा रक्तपुरवठा आखडते. म्हणून तळवे थंड पडतात, बोटाने दाबून सोडल्यावर त्वचेचा रंग परतायला 3 सेकंदांहून अधिक वेळ लागतो आणि नाडी जलद पण क्षीण होते. ताप चढत असतानाही हातपाय गार लागतात, त्यामुळे प्रत्येक थंड पाऊल म्हणजे संकटच असे समजू नये. परंतु त्याचा निर्णय सिस्टर किंवा डॉक्टर यांनी करायचा असतो आणि त्यासाठी ती गोष्ट त्यांच्या कानावर जावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने लहान रुग्णालयांसाठी ठरवून दिलेल्या पद्धतीत ज्या मुलांना रांगेत न थांबवता तत्काळ उपचार द्यायचे, त्यांची चिन्हे मोजकी आहेत: श्वास अडखळणे किंवा श्वासासाठी फार कष्ट पडणे, जीभ-ओठ निळसर होणे, वर सांगितलेली शॉकची, म्हणजे रक्ताभिसरण कोसळल्याची लक्षणे, शुद्ध हरपणे, झटके येणे आणि जुलाबांमुळे डोळे खोल जाऊन मूल गळून जाणे. यांतील जवळजवळ प्रत्येक चिन्ह उघड्या डोळ्यांना दिसते किंवा हाताला जाणवते.

मलावी देशात ब्लँटायर येथील क्वीन एलिझाबेथ रुग्णालयाचा अनुभव या क्षेत्रातील आम्हा सर्वांना ठाऊक आहे. तिथे दाखल होणाऱ्या मुलांपैकी 10 ते 18 टक्के मुले दगावत असत. आलेल्या प्रत्येक मुलाची तिथल्या तिथे पाहणी करायची, गंभीर मुलाला लगेच वेगळे काढायचे आणि पहिले उपचार त्याच जागी सुरू करायचे अशी कामाची फेररचना केल्यावर हे प्रमाण 6 ते 8 टक्क्यांवर आले. लहान रुग्णालयांमध्ये बालमृत्यूंचा फार मोठा वाटा दाखल झाल्यानंतरच्या पहिल्या 24 तासांत घडतो, आणि आपल्या विभागातील रात्रीची एकटी सिस्टर त्या 24 तासांत प्रत्येक खाटेपाशी किती मिनिटे थांबू शकत असेल, याचा हिशेब आपण स्वतः करून पाहावा.

आता शाम्पूच्या बाटलीविषयी, कारण तो प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. या उपकरणाला बबल सीपॅप म्हणतात. मुलाच्या नाकातून श्वास बाहेर नेणाऱ्या नळीचे टोक पाण्यात बुडवलेले असते, आणि ते जितके सेंटीमीटर खोल तितका दाब फुप्फुसात टिकून राहतो. ढाक्यातील संशोधकांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीव्र निमोनियाची 225 मुले होती; साध्या कमी प्रवाहाच्या ऑक्सिजनवरील मुलांपैकी 15 टक्के दगावली, तर बबल सीपॅपवरील 4 टक्के. आपल्या मैत्रिणीच्या भाच्याने हेच वाचले असावे. परंतु 2019 मध्ये मलावीतील एका जिल्हा रुग्णालयातील अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कुपोषण, एचआयव्ही किंवा रक्तातील ऑक्सिजन फार घसरलेली अशी 644 अशक्त मुले होती, आणि निकाल उलटा आला: ऑक्सिजनवर 11 टक्के, बबल सीपॅपवर 17 टक्के मृत्यू. उपकरणाचे तत्त्व तेच होते. ढाक्यात चोवीस तास डॉक्टर व परिचारिका त्या मुलांवर लक्ष ठेवून होत्या. मलावीच्या त्या रुग्णालयात डॉक्टरांची रोजची देखरेख नव्हती. मुलेही तिथे अधिक नाजूक होती, त्यामुळे सारा फरक देखरेखीचाच होता असे मी म्हणणार नाही. परंतु रात्री एकच सिस्टर असलेल्या विभागात दान म्हणून हे यंत्र ठेवण्याचे धाडस मी करणार नाही.

माझ्या हाती आपली रक्कम असती तर मी प्रथम रक्तातील ऑक्सिजन मोजणारे पल्स ऑक्सिमीटर, लहान मुलांच्या प्रोबसहित (अंगाला लावायच्या सेन्सरसहित) घेतले असते. मोठ्यांच्या बोटाला लावायची चिमटी तान्ह्या बाळाला लावली तर आकडा चुकतो. तान्ह्याला पावलाभोवती गुंडाळायचा प्रोब लागतो. ऑक्सिजन 90 टक्क्यांच्या खाली गेला आहे हे नुसते पाहून ओळखणे अनुभवी डॉक्टरांनाही अनेकदा जमत नाही, आणि ऑक्सिजन मर्यादित असताना तो कोणाला द्यायचा व कोणाचा थांबवायचा हे या छोट्या उपकरणावरूनच ठरवता येते. त्यानंतर सेकंदकाट्याची मोठी, ठळक भिंतीवरची घड्याळे घेतली असती. मुलाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजावे लागतात: 2 महिन्यांच्या आतील बाळाचे 60 किंवा अधिक, 2 ते 12 महिन्यांच्या मुलाचे 50 किंवा अधिक, 1 ते 5 वर्षांच्या मुलाचे 40 किंवा अधिक भरले तर तो जलद श्वास समजतात. मी काम केलेल्या एका विभागात घड्याळ दारावर उलट दिशेला होते, त्यामुळे मूल आणि काटा एकाच वेळी कोणालाच दिसत नसे, आणि केसपेपरवर प्रत्येक मुलाचा श्वास ‘32’ असा लिहिलेला असे. ते घड्याळ हलवायला मला सात महिने लागले याची खंत अजून वाटते.

रक्तातील साखर मोजणारा ग्लुकोमीटर आणि त्याच्या पट्ट्याही घ्याव्यात. अतिकुपोषित मुलाची साखर रात्री घसरते आणि मूल शांत झोपल्यासारखे दिसत राहते. दर 100 मिलिलिटर रक्तात 54 मिलिग्रॅमच्या खाली साखर गेली तर लगेच ग्लुकोज द्यावे लागते. अशा मुलाला सुरुवातीच्या दिवसांत दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, थोडे थोडे विशेष दूध द्यायचे असते, आणि पहाटे तीनची वाटी चुकली की सकाळच्या राउंडपर्यंत अनर्थ झालेला असतो.

सिस्टर_रामबाग

डॉक्टरसाहेबांनी लिहिलेले सर्व मान्य आहे. पहाटे तीनची वाटी कोण भरवते, एवढी भर मला घालावीशी वाटते. ती आई भरवते. मी 31 वर्षे परिचारिका होते, त्यांतील 19 वर्षे मुलांच्या वॉर्डात गेली. रात्री 40 मुलांमागे मी एकटी असताना दर दोन तासांनी बारा मुलांना वाटी-चमच्याने दूध पाजणे मला कोणत्याही उपायाने शक्य नव्हते. ज्या आईला पोटभर जेवण मिळाले होते आणि दुपारी दोन तास पाठ टेकायला मिळाली होती, ती तीन वाजता हाक मारताच उठत असे. जिला मिळाले नव्हते ती बसल्या जागी झोपलेली असे, आणि आम्ही तिलाच बोलत असू. मीही बोललेली आहे.

म्हणून आपल्या गुरुवारच्या कामात आयांची व्यवस्था सर्वांत वर ठेवावी अशी माझी आग्रहाची विनंती आहे. आपण मुलापाशी तासभर बसलात तर तेवढ्यात ती अंघोळ करून, कपडे धुऊन, जेवून येईल. माझ्या वॉर्डात अशी एक ताई दुपारी नियमाने येत असत आणि त्यांच्या येण्याची वाट मुलांपेक्षा आयाच अधिक पाहत. निधीतून जमिनीवर अंथरायच्या सतरंज्या, कुलूप लावता येईल असे छोटे कपाट, कपडे वाळवायची दोरी यांसारख्या वस्तू घ्याव्यात. हे फार क्षुल्लक वाटेल, परंतु पैशांची पुरचुंडी चोरीला जाईल या भीतीने अंघोळीला न गेलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

दुसरा विषय सोडून जाण्याचा. रुग्णालयाच्या भाषेत आम्ही त्याला ‘लामा झाले’ म्हणतो, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध मूल घेऊन निघून गेले. होळीच्या आधी भगोरिया हा आदिवासींचा मेळा जवळ आला की, किंवा गुजरातला मजुरीला जाणारी टोळी निघाली की, आमच्याकडे एका रात्रीत पाच-सहा खाटा रिकाम्या होत. पूर्वी मीही त्यांना अडाणी म्हणून मोकळी होत असे. नंतर विचारू लागले तेव्हा कळले की, घरी दोन धाकटी मुले शेजारणीकडे सोडलेली आहेत, नवऱ्याची मजुरी बुडत आहे, किंवा परतीच्या गाडीभाड्याचे पैसे उद्या संपतील म्हणून आजच निघायला हवे. शासकीय पोषण पुनर्वास केंद्रांत आईला जेवण आणि बुडालेल्या मजुरीपोटी काही रक्कम मिळते, ती याच कारणासाठी. आपल्या रुग्णालयात तशी सोय नसेल तर परतीचे भाडे आणि घरी एक फोन, एवढ्यासाठी थोडा निधी राखून ठेवावा. ‘परतीचे तिकीट आम्ही काढून देऊ, तीन दिवस थांबा’ या एका वाक्यावर थांबलेली कुटुंबे मला आठवतात.

वॉर्मरविषयी डॉक्टरसाहेबांनी काही लिहिलेले नाही, म्हणून माझे मत सांगते. कमी वजनाच्या नवजात बाळासाठी आईची छातीच सर्वांत चांगली. 1978 मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे इन्क्युबेटर अपुरे पडू लागले तेव्हा बाळांना आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्यास सुरुवात झाली, तीच आज आपण कांगारू पद्धत म्हणतो. भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत 3,211 बाळांवर झालेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बाळाची प्रकृती स्थिरावण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच ही पद्धत सुरू केल्यावर पहिल्या 28 दिवसांतील मृत्यू एक-चतुर्थांशाने कमी झाले. तिथेही वॉर्मर नव्हते असे नाही. परंतु आई आणि बाळ एकत्र राहतील अशी जागा मुद्दाम केली होती. आपण वॉर्मरच्या किमतीत मागे रेलून बसता येईल अशा मजबूत आरामखुर्च्या, पुढे उघडणारे सैल झगे आणि बाळांच्या टोप्या घेतल्या तर अधिक बाळांना ऊब मिळेल, आणि खुर्चीवरही सासूबाईंचे नाव घालता येते.

आता त्या माउलीविषयी, जिने पाय थंड झाल्याचे शेजारणीला सांगितले. आमच्या वॉर्डात असेच एक मूल गेल्यावर आम्ही प्रत्येक खाटेच्या दांडीला एक लाल फडके ठेवले होते. मुलाकडे पाहून भीती वाटली, काही वेगळे दिसले, तर फडके दांडीच्या वरच्या टोकाला बांधायचे. बोलायचे नाही, कोणाला शोधत फिरायचे नाही. पहिल्या आठवड्यात सलाईन संपले, पंखा बंद पडला, नवरा आला नाही, अशा प्रत्येक कारणासाठी फडकी लागली आणि आमच्या काही सहकारी वैतागल्या. तिसऱ्या आठवड्यापासून ती क्वचित लागू लागली आणि लागली की आम्ही धावत असू. जुन्या साडीचे तुकडे होते ते. रुपयाही खर्च झाला नव्हता. मात्र यासाठी वॉर्डातील सिस्टरांची मनापासून संमती हवी. त्यांना न विचारता बाहेरच्यांनी हे सुरू केले तर तो त्यांच्यावर ठेवलेला पहारा वाटेल.

उपकरण_दुरुस्ती_इंदूर

मी रुग्णालयांतील उपकरणे दुरुस्त करतो, म्हणून तेवढ्यापुरतेच लिहितो. गरीब देशांतील रुग्णालयांच्या उपकरणांची एक मोठी पाहणी 2011 मध्ये प्रसिद्ध झाली होती. तीत सुमारे 38 टक्के उपकरणे बंद अवस्थेत आढळली. माझा स्वतःचा अनुभवही यापेक्षा चांगला नाही. दान मिळालेले यंत्र सहसा मोठ्या बिघाडामुळे बंद पडत नाही. वॉर्मरचा त्वचेला लावायचा सेन्सर तुटतो, ऑक्सिमीटरची वायर चिमटीपाशी मोडते, आणि तो सुटा भाग कोणाच्याही खर्चाच्या यादीत नसतो.

त्यामुळे ऑक्सिमीटर घेताना एका यंत्राबरोबर लहान मुलांचे किमान तीन जादा प्रोब त्याच पावतीवर घ्यावेत आणि ते सिस्टर इन्चार्जच्या कपाटात, नोंदवहीत लिहून ठेवावेत. रुग्णालयात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे यंत्र, असेल तर त्याच्या हवेच्या फिल्टरची जाळी आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून परत बसवावी लागते. हे काम कोणाचे, याचे उत्तर बहुतेक ठिकाणी मिळत नाही. मिनिटाला 5 लिटरच्या एका कॉन्सन्ट्रेटरवर प्रवाह विभागणारा जोड लावला तर चार-पाच तान्ह्या मुलांना एकाच वेळी ऑक्सिजन देता येतो, कारण प्रत्येकाला अर्धा ते एक लिटर पुरतो. यंत्र आधीच असेल तर तो जोड आणि एक चांगला स्टॅबिलायझर, एवढ्यात आपले बरेच काम होईल. घेण्यापूर्वी यंत्राची कंपनी आणि मॉडेल इथे लिहावे, जोड बसेल की नाही ते मी सांगेन.

लोकमान्यनगर_इंदूर

सर्वांचे मनापासून आभार. सिस्टरताईंचे उत्तर मी काल आमच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवले, आणि नाव कोरलेल्या वॉर्मरचा आग्रह धरणाऱ्या मैत्रिणीनेच खुर्च्यांची चौकशी करण्याची जबाबदारी घेतली. रुग्णालयात कॉन्सन्ट्रेटर दोन आहेत. मॉडेल पाहून कळवते.

दोन शंका उरल्या आहेत. एक औषध विक्रेते आम्हांला सलाईनच्या बाटल्या मोठ्या सवलतीत देण्यास तयार आहेत. ‘बाटली चढवा’ असा आग्रह मुलांचे नातेवाईकही सतत करत असतात, तेव्हा त्या घ्याव्यात का? दुसरे, एका गृहस्थांनी तान्ह्या बाळांसाठी दूध पावडरचे डबे आणि बाटल्या दान करण्याची इच्छा व्यक्त केली आहे.

बालवैद्य_निवृत्त

दुसऱ्या शंकेचे उत्तर थोडक्यात: कृपया स्वीकारू नये. 1992 च्या कायद्याने आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरीचे आणि दूध पाजण्याच्या बाटल्यांचे दान करण्यास मनाई आहे. सूट केवळ अनाथालयांपुरती आहे. आईचे दूध न मिळणारे बाळ असेलच तर त्याची व्यवस्था डॉक्टर करतील. तसेच, बिस्किटे आयांना जरूर द्यावीत, मुलांना मात्र सिस्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत. जलद श्वास चालू असलेल्या किंवा गुंगीत असलेल्या मुलाच्या तोंडात घातलेला घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. खेळणी धुता येतील अशीच असावीत आणि एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जाताना आपण स्वतः हात धुवावेत.

सलाईनविषयी जरा सविस्तर लिहितो. केनिया, युगांडा आणि टांझानियातील 3,141 मुलांवरील एक अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. ताप असलेल्या आणि रक्ताभिसरण बिघडलेल्या मुलांना शिरेतून भराभर द्रव द्यावा की सावकाश, हा त्यातला प्रश्न होता. जुलाबाची आणि अतिकुपोषित मुले त्यात घेतलेली नव्हती. भराभर द्रव दिलेल्या दोन गटांत 48 तासांच्या आत 10.6 आणि 10.5 टक्के मुले दगावली, तर तसा द्रव न दिलेल्या गटात 7.3 टक्के. आम्ही अनेकांनी वर्षानुवर्षे जे जीव वाचवण्यासाठी केले, त्याने काही मुलांचे नुकसान झाले असणार, हे तो अभ्यास वाचताना मान्य करणे सोपे नव्हते. म्हणून बाटल्यांचा साठा नको. थेंब मोजता येतील असे लहान मुलांचे मायक्रोड्रिप सेट विभागात कमी पडतात का ते विचारावे; त्यांत 60 थेंबांचा 1 मिलिलिटर होतो, त्यामुळे मिनिटाला जितके थेंब तितकेच ताशी मिलिलिटर, आणि घाईतल्या सिस्टरलाही हिशेब चुकत नाही.

जुलाबाच्या ज्या मुलाला पिता येते त्याच्यासाठी ओआरएस आणि झिंक हेच मुख्य. 1971 मध्ये बांगलादेश युद्धाच्या काळात बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याची साथ आली आणि सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनवीस यांनी मीठ-ग्लुकोजचे पाणी पिंपांत भरून ठेवले आणि ते रुग्णांना पाजण्याचे काम नातेवाइकांवर सोपवले. मृत्यूचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आले. पाजणाऱ्या त्या हातांना कोणतेही वैद्यकीय शिक्षण नव्हते. गुरुवारी आपण आयांसोबत बसाल तेव्हा चमच्या-चमच्याने, उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा सावकाश कसे पाजायचे, हे सिस्टरांकडून शिकून घेऊन त्यांना दाखवता येईल. अतिकुपोषित मुलाचे प्रमाण आणि वेग वेगळे असतात, तेवढे मात्र आधी विचारून घ्यावे.

अलीराजपूरची_शिक्षिका

हा धागा माझ्या बहिणीने मला पाठवला. माझे माहेर इंदूरचे, परंतु गेली 15 वर्षे मी अलीराजपूर जिल्ह्यात प्राथमिक शाळेत शिकवते आणि मुलांच्या आयांशी भिलाली या तिकडच्या आदिवासी बोलीत बोलते. लाल फडक्याची कल्पना मला फार योग्य वाटली. तरीही ते कशासाठी आहे हे एकदा समजावून सांगावेच लागेल, आणि ते हिंदीत सांगितले तर बाई मान डोलावेल, पण तिला कळले असेलच असे नाही. मोठ्या रुग्णालयात ‘समजले नाही’ म्हणण्याची तिला भीती वाटते.

छापील कार्ड करणार असाल तर त्यावर अक्षरे कमी आणि चित्रे मोठी असावीत, आणि चित्रातील आई तिकडच्यासारखीच दिसावी. लुगडे, चांदीचे दागिने, कडेवर मूल. झाबुआकडची भिली, अलीराजपूरकडची भिलाली आणि बडवानीकडची बारेली यांत फरक आहे, त्यामुळे एकच मजकूर सर्वांना चालणार नाही. मी भिलालीत दोन मिनिटांचा निरोप माझ्या आवाजात ध्वनिमुद्रित करून देऊ शकते, आणि बाकीच्या दोन बोलींसाठी आमच्या शाळांतील शिक्षिकांना विचारते. तो वॉर्डात मोबाइलवर ऐकवता येईल. ‘पाय थंड पडले तर सांगा’ एवढेच म्हणून भागणार नाही. ‘तुम्ही सांगितले तर सिस्टर रागावणार नाहीत’ हेही त्यात असावे असे मला वाटते, आणि तसे म्हणण्याची परवानगी सिस्टरांकडून आपण आधी घ्यावी.

दिवाळीच्या सुट्टीत मी इंदूरला येत आहे. गुरुवारी आपण किती वाजता वॉर्डात असता?